उंबऱ्यावरचा सफेदा

आमच्या भागात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जे शाळेत होते, त्यांना ‘ठकू आणि केळीचा ट्रक’ विचारलं की ते आधी हसतात. रावेरची सहा वर्षांची ठकू लपंडाव खेळताना केळीच्या ट्रकमध्ये शिरते, पानांच्या गादीवर झोपून जाते आणि जागी होते तेव्हा ट्रक कुठल्या कुठे गेलेला असतो. मग ड्रायव्हर, नाक्यावरचा शिपाई, विड्या वळणारी म्हातारी, एक लंगडं कुत्रं, असं करत करत ती घरी परत येते. बारा पानं, बारा चित्रं. सगळी टाकाने, काळ्या शाईत काढलेली. आतल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, चित्रे : यादव.

हे यादव म्हणजे माझे पप्पा.

वरणगावच्या फॅक्टरीत ते ड्राफ्ट्समन होते. दिवसभर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायचे, केसाएवढी रेघसुद्धा इकडची तिकडे चालत नसे. संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर बसून धुळ्याच्या दलिचंदजींच्या छापखान्यासाठी ससे, उंदीर, आज्या आणि राक्षस काढायचे. “फॅक्टरीत हात बांधलेला असायचा,” ते म्हणायचे, “घरी आलो की त्याला मोकळं सोडायचो. मग तो कुठं कुठं हिंडून यायचा.”

आणि ठकू म्हणजे माझी ताई, ज्योत्स्ना.

मी तिला पाहिलेलं नाही. ती सहा वर्षांची असताना दोन दिवसांच्या तापात गेली, मी त्यानंतर दोन वर्षांनी झाले. तिचा एकच फोटो आहे, स्टुडिओतला, वर्षभराची असतानाचा. गालावर तीट, डोळ्यांत भीती. त्या फोटोतलं बाळ कोणाचंही असू शकतं. चित्रातली मात्र तीच. दोन वेण्या, त्यातली डावी कायम सुटलेली. चपलेची टाच दाबून टाकलेली. काही विचारायचं असलं की एका पायाने दुसऱ्या पोटरीला खाजवणारी. हे कोणी कल्पनेने काढत नाही.

लहानपणी मी ते पुस्तक वाचून वाचून खिळखिळं केलं. पण छापलेल्या चित्रापलीकडे दुसरं काही असतं, हे मला लग्नानंतर कळलं. पाचोऱ्याला प्रशीलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ओळखीच्या प्रेमराज गुरुजींकडे जेवायला गेलो होतो. दिवाणखान्यात भिंतीवर ठकू. ट्रकच्या फाळक्यावर पोट टेकवून, पाय हवेत. मी ताट सोडून उठले. तो छापलेला कागद नव्हता. शाई जिथे दाट होती तिथे किंचित उठून आली होती, फराटा ओढताना निब फाकली होती ती जागा दिसत होती. कडेला निळ्या पेन्सिलीने मापं, बाण आणि पप्पांच्या अक्षरात, “साडेचार इंच रुंद. ब्लॉक करताना पायाची बोटं कापू नयेत.”

गुरुजी म्हणाले, “छपाईचा धातूचा ब्लॉक झाला की मूळ चित्राला कोण विचारतो? दलिचंदजी वाटून टाकायचे. मी शाळेसाठी पुस्तकं घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी पुस्तकांच्या गठ्ठ्याला आधार म्हणून लावून दिलं. सुतळीचा वळ आहे बघ अजून.”

मी रडायला लागले आणि गुरुजींनी चित्र उतरवून माझ्या हातात दिलं. ते पहिलं.

मग नादच लागला. धुळ्याला छापखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण जुनी माणसं होती. एक चित्र कंपोझिटरच्या मुलीकडे निघालं, तिने आरशामागे लावलं होतं. तीन एका वकिलांच्या फायलीत. दोन रद्दीवाल्याने ओळखून बाजूला ठेवलेली, ते पुस्तक त्यानेही वाचलं होतं. कोणी सहज दिलं, कोणी महिनाभर फिरवलं, कोणी म्हणालं, मी मेल्यावर घेऊन जा. आणि मग आठ दिवसांनी स्वतःच फोन करून बोलावलं. दर वेळी चित्र घेऊन मी जळगावहून वरणगावला जायची. पप्पा ते दोन्ही हातांत, कडांना धरून घ्यायचे, बराच वेळ बघायचे आणि काहीतरी खोड काढायचे.

“ह्या शिपायाची टोपी मोठी झाली.”

“पप्पा, तीस वर्षांनी टोपी कमी करणार आहात का?”

“करीन ना. तू दे पेन.”

आई त्या वेळी आत असायची. माझी आई, लिलाबाई, धुळ्याजवळच्या खेड्यातली. आमच्याशी ती चार माणसांसारखी मराठी बोलते आणि जीव कासावीस झाला की माहेरच्या बोलीत जाते. तिने ते पुस्तक कधी उघडलं नाही. चित्र आलं की तिला हमखास डाळ निवडायची असायची. मी एकदा मुद्दाम तिच्यापुढे धरलं, तर तिने पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, “चांगलं आहे. ठेव.” डोळे मिटलेलेच होते.

अकरा जमली. बारावं मिळेना.

बाराव्याची गोष्ट वेगळीच होती. पुस्तकात शेवटचं वाक्य आहे, “आणि ठकू घरी आली.” चित्रात उघडं दार, दारात दोन्ही हात पसरलेली आई, मागे चुलीचा धूर. ठकू नाही. उंबरा रिकामा. प्रत्येक पोर विचारतं, ठकू कुठाय? शाळांतून त्याचं मोठं कौतुक झालं होतं. गुरुजींनीच मला समजावून सांगितलं होतं, “अगं, आपण ठकूच्या डोळ्यांनी बघतोय ना! वाचणारं पोर म्हणजेच ठकू. केवढी कल्पना!” मी हे पप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हो का?” आणि चष्मा पुसत राहिले.

मागच्या वर्षी सुजू झाली, माझी मुलगी. त्याच वर्षी पप्पांचे डोळे जायला लागले. डोळ्याच्या पडद्याचा आजार. मधलं दिसेनासं होतं, कडेचं राहतं. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात आणि तोंड दिसत नाही, असं. जळगावच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि स्वच्छ सांगितलं की पावसाळ्यापर्यंत जे बघायचं ते बघून घ्या. घरी रिक्षातून उतरताना पप्पा म्हणाले, “प्राची, बारावं शोध.”

तोवर ते कधी असं म्हणाले नव्हते. मिळेल, बघ, एवढंच.

मी कडेवर पोर घेऊन धुळ्याच्या चार चकरा मारल्या. दलिचंदजी जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचा मुलगा म्हणाला, सगळं भंगारात गेलं. मला ते खरं वाटत नव्हतं आणि दुसरं काही हातातही नव्हतं. घरी सुजूने रांगायला सुरुवात केली होती. जे दिसेल ते तोंडात. चित्रं जपायला माझ्याकडेच असायची. एकदा कपाट उघडं राहिलं आणि तिने चौथ्या चित्राचा, ड्रायव्हरच्या चित्राचा, कोपरा चावून लगदा केला. मी तिच्या तोंडातून तो बाहेर काढला, तिला एक चापट मारली आणि मग तिच्यासकट रडत बसले. पप्पांना फोनवर सांगितलं तर ते हसले.

“खाल्लं? मग चांगलं चित्र असणार. वाईट असतं तर थुंकली असती.”

पण मला तो कोपरा विसरता येईना.

मे महिन्यात धुळ्याहून फोन आला. चेलना नावाची मुलगी होती, दलिचंदजींच्या नातवाची बायको, माझ्याच वयाची. “ताई, तुम्ही चित्रासाठी आला होतात ना? आमच्या दादीसा म्हणतायत, एक त्यांच्या कपाटात आहे.”

ह्या दादीसा, सूरजबाई, म्हणजे दलिचंदजींच्या पत्नी. पंच्याऐंशीच्या पुढच्या. पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी वाकले तर आधी सुजूच्या हनुवटीला हात लावला. “यादवची नात? नाक त्याचंच आहे. हे नाक घेऊन तो उन्हातान्हात यायचा, लाल करून.”

चेलनाने कपाटातून मलमलीच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. त्यांच्या घरात पोथ्या बांधतात तसं, चारही टोकं आत दुमडून. आत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बारावं चित्र होतं. दार, धूर, हात पसरलेली आई. इतक्या वर्षांत कागद जरा तांबूस झाला होता, बाकी जसंच्या तसं. उंबऱ्यावर सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, जाड थर होता. इतर चित्रांतही कुठे कुठे होता, चुकलेली रेघ झाकायला. इथे जरा जास्त.

“हे तुम्ही वेगळं का ठेवलंत आजी?”

“तोच म्हणाला होता. बाकीची काय करायची ती करा, हे कोणाला देऊ नका आणि मलाही परत पाठवू नका. मागायला येईन तेव्हा द्या. आमचे हे वाट बघत गेले. तो काही आला नाही. मी म्हणत होते, पाठवून देऊ या. हे म्हणायचे, त्याच्या मनाचं तो बघेल. आता तू आलीस. तू आलीस म्हणजे त्याने मागितलं ना?”

“हो, मागितलं.”

“मग ने. आणि जसं आहे तसं दे हो बेटा त्याला.”

चेलनाने चहा आणि पापड दिले. निघताना सूरजबाईंनी मलमलीचं फडकं सुजूच्या डोक्यावर टाकलं. ऊन फार आहे, म्हणाल्या.

बसस्टँडवरूनच पप्पांना फोन केला. बारावं मिळालं, म्हटलं.

“उद्या येऊ का घेऊन?”

“ये. सकाळच्या उजेडात ये.” मग म्हणाले, “आहे तसं आण.”

हो हो, म्हणाले मी. घडी घालणार होते का मी?

जळगावला उतरले तेव्हा चार वाजले होते. सुजू बसमध्ये दोनदा ओकली होती. पिशवी, पाण्याची बाटली, दुपटं, सगळं ओलं. पुठ्ठ्याचा एक कोपरा भिजला होता. कागदाला काही झालं नव्हतं, पण होऊ शकलं असतं. आणि ते उद्या वरणगावला न्यायचं, परत बस, परत ही पोर, तिकडे पप्पांचा पाण्याचा तांब्या नेहमी कागदांशेजारी. हेच एक राहिलं होतं. ह्याला मी काही होऊ देणार नव्हते.

आमच्याकडे जपायचं म्हटलं की लॅमिनेशन. पप्पांची नेमणुकीची ऑर्डर लॅमिनेट केलेली आहे, आईचा जातीचा दाखला, माझ्या दहावी-बारावीच्या मार्कशीटा, प्रशीलची पदवी. सुजूचा जन्मदाखला तर ती दीड महिन्याची असतानाच केला. आमच्या लोकांना कागदाची किंमत माहीत आहे. एका कागदासाठी किती खेटे घालावे लागतात हे आमच्या घरात प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून कागद हातात आला की आधी त्याला प्लास्टिकमध्ये घालायचं, मग देवाधर्माचं, पेढ्याबिढ्याचं.

कलेक्टर ऑफिसजवळ समाधानभाऊंचं दुकान आहे. आमचं सगळं तिथंच होतं.

“आज काय ताई? पोरीचं पॅनकार्ड?”

मी चित्र पुढे केलं. त्यांनी हात पँटला पुसले. “हे ठकूचं! हे तर मी वाचलंय! ठकू कुठाय हो ह्याच्यात, मला आजपर्यंत समजलं नाही.” त्यांनी जाड प्लास्टिक काढलं. “जाडवालं घालतो. पैसे राहू द्या, ठकूचे काय पैसे घ्यायचे.”

मशीनमधून कागद हळूहळू आत गेला आणि दुसऱ्या बाजूने चकचकीत होऊन बाहेर आला. गरम होता. मला त्याचा वास आवडला, खोटं कशाला बोलू. सगळे महत्त्वाचे कागद मिळाल्याचे दिवस त्या वासाला चिकटलेले होते. समाधानभाऊंनी कडा कापल्या, कोपरे गोल केले आणि फडक्याने पुसून दिलं.

“घ्या. आता जन्मात ह्याला पाणी लागायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आम्ही वरणगावला पोचलो. पप्पांनी दाढी केली होती. खिडकीजवळचं त्यांचं टेबल पुसलेलं होतं. टेबलावर काचेच्या वाटीत पाणी होतं, शेजारी बारीक ब्रश, टिपकागदाचे चौकोनी तुकडे, एक जुनं भिंग. मला वाटलं, सवयीने मांडलंय. कोणी नवरदेव बघायला येणार असावं तसे ते ताठ बसले होते.

“आणलंस?”

मी सुजूला खाली सोडलं आणि चित्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी कडा धरल्या. बोटं थांबली. मग एक बोट चित्रावरून सरकलं. एकदम सरकलं, जसं कागदावर सरकत नाही. पुन्हा एकदा. मग त्यांनी मान तिरपी केली, कडेच्या नजरेने बघायचं म्हणून, आणि खिडकीचा उजेड प्लास्टिकवर चमकला.

“हे काय केलंस माय?”

“लॅमिनेट केलं पप्पा. सुजू बसमध्ये ओकली. म्हटलं, पाणीबिणी लागलं तर—”

“हां,” ते म्हणाले. “हां हां.”

त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं. वाटी जरा मागे सरकवली. ब्रश उचलून परत होता तिथे ठेवला. ते ज्या नीटनेटकेपणाने हे करत होते, त्यानेच मला कळलं की माझ्या हातून काहीतरी मोठं झालं आहे.

“पप्पा, काय झालं?”

“काही नाही. छान केलं. टिकेल आता.”

“पप्पा.”

आत आईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

“ती आहे तिथे,” पप्पा म्हणाले. त्यांनी बोट उंबऱ्यावर ठेवलं, नेमकं, न बघता. “सफेद्याखाली आहे. मी आधी काढली होती तिला. पाठमोरी. आईकडे जाताना. चित्र पूर्ण झालं होतं, सोमवारी पाठवायचं होतं. शनिवारी तिला ताप आला.”

“आठ दिवसांनी दलिचंदजींचा माणूस घ्यायला आला. मी चित्र काढून बघितलं तर ती घरी येत होती. आईचे हात असे. मला ते देववेना. ती घरी आली असं मी छापायला कसं देऊ?” त्यांचा आवाज अगदी साधा होता, हिशेब समजावून सांगावा तसा. “फॅक्टरीत आम्ही चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायचो. दोन मिनिटांचं काम. हातात ब्लेड घेतलंही. पण ती काय चुकलेली रेघ होती? मग सफेदा कालवला आणि तिच्यावर पांघरला. ब्लॉकवाल्याच्या कॅमेऱ्याला निळी पेन्सिल दिसत नाही आणि सफेद्याखालचंही दिसत नाही. छापलं तेव्हा ती नव्हती. कागदावर होती.”

“आणि तो सफेदा—”

“साधा पोस्टरचा. पाण्याने निघतो. शाई निघत नाही, शाई वॉटरप्रूफ. ओला ब्रश फिरवला, टिपला, फिरवला, टिपला, की ती जशीच्या तशी. कधीही निघेल असाच लावला होता मी. म्हटलं, जमेल तेव्हा काढू. मग तू झालीस. मग तुझी शाळा. मग वाटलं, आईला कसं दाखवू.” ते हसल्यासारखं करायला गेले. “तेहतीस वर्षं नुसतं पाणीच तर लावायचं होतं.”

सुजू टेबलाला धरून उभी राहिली होती. कोणाचं लक्ष नव्हतं. तिने वाटीत हात घातला आणि ओला पंजा चित्रावर आपटला. पाणी उडालं. थेंब उंबऱ्यावर गोल गोल उभे राहिले, एकही आत जाईना. मी तिला ओढणार तर पप्पा म्हणाले, “असू दे. असू दे तिला.” आणि त्यांनी अंगठा त्या पाण्यात बुडवून प्लास्टिकवरून फिरवायला सुरुवात केली. फिरवायचे, टिपकागदाने टिपायचे, परत फिरवायचे. खाली काहीच होत नव्हतं, आणि त्यांना ते माहीत होतं.

त्या आठवड्यात मी जे करता येईल ते केलं. समाधानभाऊ म्हणाले, “ताई, हे परत निघत नसतं हो,” आणि त्यांचाच चेहरा उतरला. प्रशीलने कुठून कुठून मुंबईच्या एका बाईंचा नंबर मिळवला, त्या जुने कागद दुरुस्त करतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, प्लास्टिक सोलायला गेलात तर आधी सफेदा त्याला चिकटून येईल, आणि त्याच्या मागोमाग शाई. आतली मुलगी त्या प्लास्टिकबरोबर निघून जाईल. “आता आहे तसंच ठेवा.” मी फोन ठेवला. हे मला आधी दोन माणसांनी सांगितलं होतं.

पप्पांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्याचंच काय करायचं ते मला कळत नाही. रागावले असते तर मी भांडले असते, पाया पडले असते. ते नुसतं विचारतात, “सुजू दूध पिते का नीट?”

जूनच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा गेले. पप्पांना तोवर मधलं काहीच दिसत नव्हतं. वाट्या चाचपून ओळखायचे. सकाळी अकराच्या सुमाराला त्यांच्या खोलीच्या खिडकीवर थेट ऊन येतं. मी चित्र पुसायला घेतलं होतं, खिडकीशी उभी होते, आणि पुसता पुसता ते उन्हासमोर आलं.

उंबऱ्यावर कोणीतरी उभं होतं.

साध्या कार्ट्रिज कागदावरचं चित्र होतं ते, फार जाड नव्हे. उजेड आरपार आला आणि सफेद्याचा थर करडा झाला आणि त्या करड्यात काळ्या रेघा उमटल्या. पुसट. धुक्यातल्यासारख्या. एक फ्रॉक. एक वेणी.

“पप्पा! पप्पा, दिसते! इकडे या, उन्हात दिसते ती!”

ते धडपडत आले. मी चित्र काचेवर टेकवून धरलं. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, एक डोळा मिटला. कडेने बघितलं तर दार दिसे, धूर दिसे. ती मधोमध होती. सरळ बघितलं की ती डोळ्यातल्या काळ्या डागाखाली जात होती, आणि कडेच्या नजरेला तिच्या पुसट रेघा पुरत नव्हत्या.

“दिसतं का?”

“उजेड दिसतो,” ते म्हणाले. “तू सांग. काय दिसतं ते सांग.”

“एक फ्रॉक आहे,” मी म्हणाले, “एक वेणी.” मी तिला पाहिलेलंच नव्हतं. काय ओळखायचं आणि कशावरून ओळखायचं?

मागे आई येऊन उभी राहिली होती. हाताला कणीक. मी बाजूला झाले, चित्र न हलवता. ती जवळ आली, आणखी जवळ, इतकी की तिच्या श्वासाने प्लास्टिक धुरकटलं. ह्या वेळी तिने पदर तोंडावर घेतला नाही.

“इतलीशी व्हती का वं ती?” ती म्हणाली.

“मना ध्यानमा तर मोठी व्हई गयी व्हती.”

पप्पांचा हात हवेत होता. तो तिच्या खांद्याला लागला आणि तिथेच राहिला. “डावी वेणी?” त्यांनी विचारलं.

“सुटेल शे.”

“चप्पल?”

“टाच दाबेल शे. कितलांदा सांगं मी तिले.” तिने कणकेचं बोट चित्राला न लावता, हवेतच त्या चपलेवरून फिरवलं. “एक पाय उचलेल शे. पोटरी खाजाडी राहिनी.”

“हां,” पप्पा म्हणाले. “तशीच काढली होती.”

एवढ्या वर्षांत ती दोघं तिच्याबद्दल माझ्यासमोर पहिल्यांदा बोलत होती. मी चित्र धरून उभी होते, हात अवघडले होते, खाली सुजू माझ्या सलवारीला धरून ओढत होती, आणि मी हलत नव्हते.

“आणि मी?” आईने विचारलं. “मी हात कशा करेल शे, दखा ना.”

“माहीत आहे मला.”

“ती एकच पाऊल मांगे शे हो. एकच पाऊल.”

मग ऊन सरकलं. आधी दारावरून, मग धुरावरून. करडा रंग पांढरा होत गेला, आधी वेणी गेली, मग फ्रॉक. आई काचेला आणखी चिकटली. सव्वाअकराला तिथे पुन्हा नुसता उंबरा होता, आणि हात पसरलेली ती.

“गेली का?” पप्पांनी विचारलं.

आई आत गेली आणि थोड्या वेळाने पोळ्या लाटल्याचा आवाज यायला लागला.

पप्पा टेबलाशी येऊन बसले. वाटीत पाणी होतं. रोज सकाळी ते बदलतात, आईने सांगितलं मला. मी चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी अंगठा बुडवला आणि उंबरा चाचपून काढला.